प्रदूषित मातीतली नवी जिवाणू प्रजाती: शोधायची कशी आणि सिद्ध करायची कशी

तेलगळती झालेली जमीन, कीटकनाशकाच्या कारखान्यामागची कचऱ्याची जागा, धातूंच्या गाळाने भरलेला खड्डा. अशी माती प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या पोषक जेलच्या बशीवर) पसरली की काही ना काही उगवतंच. त्यातली एक कॉलनी डिझेलवर जगते, दुसरी कॅडमियमला दाद देत नाही, आणि लगेच वाटायला लागतं की नवी प्रजाती हाती लागली. गल्लत इथेच होते. प्रदूषक पचवणं किंवा सोसणं हा नव्या प्रजातीचा पुरावा नाही. ही क्षमता देणारी जनुकं बरेचदा प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएवर) किंवा ट्रान्सपोझॉनवर (जागा बदलणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) असतात. ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, आणि प्रदूषक नसलेल्या माध्यमावर पिढ्यानपिढ्या वाढवलं तर नाहीशीही होतात.

लिंडेनचं उदाहरण घ्या. हे कीटकनाशक पचवणारे तीन स्ट्रेन (वेगळे करून स्वतंत्र वाढवलेले जिवाणूंचे नमुने) प्रसिद्ध होते: भारतातला बी९०ए, जपानमधला यूटी२६ आणि फ्रान्समधला एसपी प्लस. तिन्हींकडे 'लिन' नावाची जवळपास सारखीच जनुकं आणि तिन्हींना नावही एकच, स्फिंगोमोनास पॉसिमोबिलिस. २००५ साली तिन्हींची व्यवस्थित तुलना झाली तेव्हा त्या तीन वेगवेगळ्या प्रजाती ठरल्या: स्फिंगोबियम इंडिकम, स्फिंगोबियम जॅपोनिकम आणि स्फिंगोबियम फ्रान्सेन्स. एकच काम करणारे जिवाणू वेगळ्या प्रजातींचे निघाले. उलटही घडतं. एकाच प्रजातीचा एक स्ट्रेन नॅप्थालीन फस्त करतो आणि दुसरा त्याला तोंडही लावत नाही.

म्हणून पुढचं सगळं काम तुलनेचं आहे. आपला स्ट्रेन आधी नाव मिळालेल्या सर्वांत जवळच्या प्रजातींपेक्षा किती आणि कशात वेगळा आहे, हे दाखवायचं. प्रदूषण आपल्याला फक्त शोधायची जागा दाखवतं.

नमुना घेताना

वरचा पालापाचोळा बाजूला करून साधारण ५ ते २० सेंटिमीटर खोलीवरची माती निर्जंतुक खुरप्याने घ्या. एकाच जागेवर पाच-सहा ठिकाणांहून घेऊन एकत्र केली तर प्रदूषणाचा नमुना चांगला मिळतो. पण नवे जिवाणू शोधायचे असतील तर त्या पिशव्या वेगळ्याच ठेवाव्यात असं माझं मत आहे. एका हाताच्या अंतरावर तेलाचं प्रमाण कितीतरी बदलतं, आणि सगळं मिसळलं की दुर्मीळ जिवाणू गर्दीत हरवतात. जवळचीच स्वच्छ माती तुलनेसाठी घ्यायला विसरू नका.

प्रत्येक पिशवीवर तारीख, खोली, अक्षांश-रेखांश लिहा. प्रजातीच्या अधिकृत वर्णनात ही माहिती द्यावी लागते आणि नंतर ती आठवून लिहिता येत नाही. पीएच, ओलावा, क्षारता आणि मुख्य प्रदूषकाचं प्रमाण मोजून घ्या. माती ४ अंश सेल्सिअसला ठेवून शक्य तितक्या लवकर, एक-दोन दिवसांत, प्लेटिंगला घ्या. थोडी माती डीएनएसाठी उणे ८० अंशांवर वेगळी ठेवा.

परवानगीचंही आधीच बघा. जागेच्या मालकाची लेखी संमती आणि त्या देशाच्या जैवविविधता कायद्याप्रमाणे लागणारी कागदपत्रं नंतर गोळा करणं फार त्रासाचं होतं. जैविक संसाधनांच्या वापराबद्दलचा नागोया करार २०१४ पासून लागू आहे, आणि परदेशातल्या कल्चर कलेक्शनला (जिवंत जिवाणू जपणाऱ्या संस्थेला) स्ट्रेन पाठवताना हाच प्रश्न पहिला येतो.

प्लेटवर काय वाढवायचं

नवी प्रजाती मिळणार की नाही, हे बरंचसं या पायरीवर ठरतं. बहुतेक जण प्रदूषक टाकलेल्या द्रव माध्यमात माती घालतात, आठवडाभर हलवत ठेवतात, त्यातलं थोडं नव्या माध्यमात टाकतात आणि असं तीन-चार वेळा करतात. याला समृद्धीकरण म्हणतात. प्रदूषक पचवणारा जिवाणू हवा असेल तर पद्धत उत्तम आहे, पण नवा जिवाणू हवा असेल तर तितकीच वाईट. दर फेरीला सगळ्यांत वेगाने वाढणारे स्यूडोमोनाससारखे जिवाणू तणासारखे माजतात आणि हळू वाढणारे फेकले जातात. त्यामुळे समृद्धीकरण करायचंच असेल तर एकाच फेरीवर थांबा, आणि त्याच्या जोडीला मातीचं थेट प्लेटिंग कराच.

थेट प्लेटिंगसाठी १० ग्रॅम माती ९० मिलिलीटर निर्जंतुक ०.८५ टक्के सलाइनमध्ये घालून अर्धा तास हलवा. मातीचे कण घट्ट चिकटलेले असतील तर सलाइनऐवजी ०.१ टक्का सोडियम पायरोफॉस्फेट वापरा. मग दहा-दहा पटीने विरल करत जा आणि प्रत्येक पातळीचं ०.१ मिलिलीटर प्लेटवर पसरा. मोजायला सोप्या, भरगच्च प्लेटांपेक्षा पाच-दहा कॉलन्या असलेल्या विरळ प्लेटा जास्त कामाच्या असतात. तिथे हळू वाढणाऱ्यांना जागा मिळते.

माध्यम गरीब असावं. आर२ए (कमी पोषकांचं तयार माध्यम), किंवा दहापट पातळ केलेलं ट्रिप्टिक सॉय अगार, किंवा शंभरपट पातळ न्यूट्रिएंट ब्रॉथ. बुरशी फार येत असेल तर सायक्लोहेक्झिमाइड घाला, पण ते विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हाताळू नका.

अगारबद्दल, म्हणजे माध्यम घट्ट करणाऱ्या पदार्थाबद्दल, एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. फॉस्फेट आणि अगार एकत्र ऑटोक्लेव्ह केले (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केले) की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जिवाणू त्यातच मरतात. दोन्ही वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करून गार होताना मिसळले तर त्याच मातीतून जास्त आणि वेगळ्या कॉलन्या येतात. अगारऐवजी जेलन गम वापरून पाहण्यासारखं आहे.

धातूंच्या प्लेटांचं गणित बहुतेकदा चुकतं. समजा लेड नायट्रेट घातलेल्या पोषक अगारवर भरपूर कॉलन्या आल्या आणि आपण सगळ्यांना शिसं-सहनशील म्हटलं. प्रत्यक्षात माध्यमातल्या फॉस्फेटबरोबर शिशाचा साका झालेला असतो, उरलेलं पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टला चिकटलेलं असतं, आणि जिवाणूला मोकळं शिसं जवळपास भेटलेलंच नसतं. प्लेट उजेडात धरली तर पांढुरका गढूळपणा दिसतो, तोच हा साका. धातूसाठी फॉस्फेट अगदी कमी असलेलं, ट्रिससारखं बफर घातलेलं खनिज माध्यम घ्या आणि धातूचं द्रावण ऑटोक्लेव्हनंतर गाळून घाला.

तेलकट पदार्थांसाठीही युक्त्या आहेत. नॅप्थालीनचे स्फटिक उलट्या प्लेटच्या झाकणात ठेवले की वाफेतून कार्बन मिळतो. फेनँथ्रीनसारखा पदार्थ द्रावकात विरघळवून प्लेटवर पातळ फवारला की जो पचवतो त्याच्याभोवती पारदर्शक कडा दिसते. अशा प्रत्येक प्रयोगात कार्बनस्रोत न घातलेली एक प्लेट हवीच. काही जिवाणू अगारमधल्या अशुद्ध अंशांवर किंवा प्रयोगशाळेतल्या हवेतल्या वाफांवरसुद्धा बऱ्यापैकी वाढतात.

आणि थांबा. तीन दिवसांत प्लेटा टाकून दिल्या तर मिळतील ते सगळे ओळखीचेच चेहरे. प्लेटा पॅराफिल्मने बंद करून किंवा ओलावा राहील अशा डब्यात २५ ते २८ अंशांवर चार ते आठ आठवडे ठेवा आणि दर आठवड्याला नव्या कॉलन्यांवर प्लेटमागे खूण करत जा. अॅसिडोबॅक्टेरियासारख्या गटांचे सदस्य बरेचदा उशिराच दिसतात, तेही टाचणीच्या टोकाएवढे. प्राणवायूविना जगणाऱ्यांना तर याहून कितीतरी वेळ लागतो. क्लोरीनयुक्त द्रावकांतलं क्लोरीन काढणाऱ्या डीहॅलोकोकॉइडिसचा पहिला स्ट्रेन १९९७ मध्ये वेगळा झाला, पण डीहॅलोकोकॉइडिस मॅककार्टी हे नाव रीतसर मिळायला २०१३ उजाडलं.

शुद्ध कल्चर

निवडलेली कॉलनी निदान तीनदा स्ट्रीक करा (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरा) आणि दर वेळी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. प्रदूषित मातीतले जिवाणू चिकट आवरणात एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे देखणी, एकसारखी कॉलनीसुद्धा दोघांची असू शकते. पीईटी प्लास्टिक पचवणाऱ्या इडिओनेला साकाएन्सिसचा शोधही असाच लागला होता. जपानमध्ये बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या परिसरातून २५० नमुने घेतले गेले. त्यांतल्या एकात आधी फिल्मवर वाढणारा जिवाणूंचा मिश्र समूह दिसला आणि त्यातून पुढे एकच स्ट्रेन वेगळा करण्यात आला. तो २०१६ मध्ये जाहीर झाला.

शुद्ध झाल्याबरोबर २० ते ३० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर अनेक नळ्या ठेवा. मूळ नळीला हात लावू नका. प्रदूषक पचवण्याची क्षमता पुढे नाहीशी झाली तर परतायला हीच जागा असते.

शंभरेक कॉलन्यांत बऱ्याच एकमेकींच्या नकला असतात. माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वस्तुमानावरून जिवाणू ओळखणारं यंत्र) उपलब्ध असेल तर नकला वगळायला झकास. पण त्याचे डेटाबेस मुख्यतः रुग्णालयांतल्या जिवाणूंसाठी बनले आहेत. 'ओळख पटली नाही' असं यंत्राने सांगितलं तर त्याचा अर्थ एवढाच की डेटाबेसमध्ये तो नाही.

सुरक्षेचा मुद्दा इथेच सांगतो. तेल आणि धातूंच्या मातीतून स्यूडोमोनास एरुजिनोसा, बर्कहोल्डेरिया सेपेशिया गटातले जिवाणू सर्रास निघतात आणि अशक्त माणसाला ते आजारी पाडू शकतात. ओळख पटेपर्यंत प्रत्येक स्ट्रेन सुरक्षा कॅबिनेटमध्येच हाताळा.

१६एस जनुक: पहिली चाळणी

डीएनए काढून २७एफ आणि १४९२आर प्राइमरनी (जनुकाच्या टोकांना चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) १६एस आरआरएनए हे सगळ्या जिवाणूंत असणारं जनुक वाढवा, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती करा. हे जनुक सुमारे १,५०० बेसचं असतं. एकाच बाजूने वाचलेले ७०० बेस ओळखीसाठी चालतात, नव्या प्रजातीच्या दाव्यासाठी नाही. दोन्ही बाजूंनी आणि मधल्या प्राइमरनी वाचून निदान १,४०० बेसचा स्वच्छ क्रम जुळवा. क्रोमॅटोग्राम (क्रम वाचणाऱ्या यंत्राचा आलेख) डोळ्यांनी बघा. जिथे दोन शिखरं एकावर एक आली असतील तिथे एकतर कल्चर मिश्र असतं किंवा त्या जिवाणूतच या जनुकाच्या किंचित वेगळ्या प्रती असतात.

मग तुलना. साधा ब्लास्ट (डेटाबेसमध्ये मिळतेजुळते क्रम शोधणारं साधन) लावला की वरचे दहा निकाल 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम' नाहीतर कुणीतरी अंदाजाने नाव दिलेले स्ट्रेन येतात. त्यावरून काहीच ठरत नाही. तुलना फक्त टाइप स्ट्रेनशी करायची, म्हणजे ज्या स्ट्रेनवर त्या प्रजातीचं नाव अधिकृतपणे बेतलेलं आहे त्याच्याशी. ब्लास्टमध्ये टाइप मटेरियलपुरता शोध मर्यादित करता येतो. इझीबायोक्लाउड या संकेतस्थळावर हे आणखी सोपं आहे. नाव आज वैध आहे का, हे एलपीएसएनवर (जिवाणूंच्या नावांच्या ऑनलाइन यादीवर) तपासा.

आकड्यांचं असं आहे. १९९४ पासून ९७ टक्के ही सीमा वापरात होती. नंतर ती ९८.६५ ते ९८.७ टक्क्यांवर आली. सर्वांत जवळच्या टाइप स्ट्रेनशी साम्य याच्या खाली असेल तर नवी प्रजाती असण्याची शक्यता मोठी. समजा तुमचा स्ट्रेन ९८.२ टक्क्यांवर आहे, तर पुढे जा. ९९.४ टक्के असेल तर? बहुतेक जण इथे फाइल बंद करतात आणि ते मला पटत नाही. १९९२ मध्येच दाखवलं गेलं होतं की बॅसिलसच्या दोन स्पष्टपणे वेगळ्या प्रजातींमध्ये १६एस साम्य ९९.५ टक्क्यांहून जास्त आहे. स्यूडोमोनास, एरोमोनास या गटांत तर हे नेहमीचंच. ९८.७ च्या वर १६एस फक्त एवढंच म्हणतं की त्याला सांगता येत नाही.

या टप्प्यावर प्रजातींच्या नात्यांचं झाडही काढा. त्या वंशातल्या (जीनसमधल्या) सगळ्या टाइप स्ट्रेनसह, बाहेरचा एक गट घेऊन, निदान दोन वेगळ्या पद्धतींनी आणि १,००० बूटस्ट्रॅपसह (फांद्या किती पक्क्या हे तपासणाऱ्या फेरमोजण्यांसह). पद्धत बदलली की आपला स्ट्रेन या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारत असेल, तर वंश ठरवायची घाई नको.

जिनोम: खरा निकाल

आज जिनोमशिवाय, म्हणजे जिवाणूचा संपूर्ण डीएनए वाचल्याशिवाय, नवी प्रजाती कुणी स्वीकारत नाही. वाचन किमान ५० पट खोलीचं हवं (प्रत्येक बेस सरासरी ५० वेळा वाचलेला). तुकडे जुळवल्यावर चेकएम या प्रोग्रामने पूर्णता आणि भेसळ तपासा. मग जिनोममधून १६एस बाहेर काढून आधी प्राइमरनी वाचलेल्या क्रमाशी ताडून पहा. दोन्ही जुळले नाहीत तर नळी बदलली गेली किंवा कल्चर भेसळीचं आहे, आणि पुढचं सगळं विश्लेषण व्यर्थ. पाच मिनिटांचं हे काम अनेक जण टाळतात.

निकाल दोन आकड्यांवर लागतो. पहिला एएनआय, म्हणजे दोन जिनोममधल्या सामाईक भागांचं सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य. ते ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती वेगळी. दुसरा डिजिटल डीडीएच, म्हणजे डीएनए-डीएनए संकरणाचा (दोन डीएनए एकमेकांना किती जुळून चिकटतात याचा) संगणकाने काढलेला अंदाज, ज्याची सीमा ७० टक्के. ही ७० टक्क्यांची सीमा १९८७ मधली आहे, तेव्हा डीएनए-डीएनए संकरण खरोखर नळीत करावं लागायचं. आता जीजीडीसी किंवा टीवायजीएस या मोफत सेवांवर जिनोम चढवला की आकडा मिळतो. जीजीडीसी तीन सूत्रांनी उत्तर देतं. जिनोम तुकड्यांत असेल तर दुसऱ्या सूत्राचं उत्तर धरा.

तुलना नक्की कुणाकुणाशी? १६एसमध्ये ९८.७ टक्क्यांच्या वर आलेल्या प्रत्येक टाइप स्ट्रेनशी, फक्त पहिल्या नावाशी नव्हे. १६एसमधला पहिला नंबर जिनोममध्ये बरेचदा तिसरा-चौथा निघतो. एखाद्या जवळच्या प्रजातीचा जिनोमच उपलब्ध नसेल तर तो स्ट्रेन मागवून आपणच वाचावा लागतो. खर्चाचा अंदाज बांधताना हे धरून चाला.

एएनआय ९५.४ आणि डीडीएच ६३ असे काठावरचे आकडे आले तर ओढूनताणून नवी प्रजाती करू नका. उपप्रजातीचा विचार करा, किंवा त्याच मातीतून आणखी स्ट्रेन मिळवा. एकाच स्ट्रेनवर बेतलेली प्रजाती नियमात बसते, पण तीन-चार स्ट्रेन असतील तर कोणता गुण प्रजातीचा आणि कोणता त्या एकट्याचा, हे कळतं. नवा वंश सुचवायचा असेल तर अमिनो आम्ल साम्य आणि जिनोमवरचं झाड दोन्ही लागतात, आणि तिथल्या सीमा इतक्या काटेकोर नाहीत.

प्रदूषक पचवणारी जनुकं शोधायची वेळ आता येते. ती प्लाझ्मिडवर आहेत की गुणसूत्रावर, शेजारी इन्सर्शन सिक्वेन्स (जागा बदलणारे छोटे डीएनए-तुकडे) आहेत का, हे जरूर पहा. लिन जनुकांच्या आजूबाजूला आयएस६१०० हा असाच तुकडा सापडतो आणि ती इतकी का पसरली याचा उलगडा तिथे होतो. लेखात हा भाग रंगतदार होतो, पण प्रजातीच्या दाव्याचा आधार म्हणून तो मांडू नका.

शरीर आणि रसायन

ग्राम रंजन, आकार, हालचाल, कॅटालेज, ऑक्सिडेज, तापमान-पीएच-मिठाच्या मर्यादा, कोणकोणत्या शर्करा वापरतो हे सगळं नोंदवायचं असतं. पीएचची मर्यादा तपासताना प्रत्येक पातळीला योग्य बफर घाला, नाहीतर वाढता वाढता जिवाणूच पीएच बदलतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जवळच्या प्रजातींचे टाइप स्ट्रेन मागवून त्याच दिवशी, त्याच माध्यमावर, शेजारी ठेवून तपासा. जुन्या लेखातल्या तक्त्यावरून आकडे उचलून केलेली तुलना परीक्षक परत पाठवतात, आणि बरोबरच करतात.

मेदाम्लांच्या बाबतीत हे आणखी कडक आहे. माध्यम, तापमान किंवा वाढीचं वय बदललं की त्यांचं प्रमाण बदलतं. ध्रुवीय लिपिड द्विमितीय टीएलसी (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या) प्लेटवर वेगळे करतात. एकाच अर्काच्या चार प्लेटा चालवा आणि चार फवारे मारा: सगळ्या लिपिडसाठी मॉलिब्डोफॉस्फोरिक आम्ल, अमिनो गटासाठी निनहायड्रिन, फॉस्फेटसाठी मॉलिब्डेनम ब्ल्यू आणि शर्करेसाठी अल्फा-नॅप्थॉल. चारही शेजारी ठेवल्या की कोणता ठिपका कशाचा हे वाचता येतं. श्वसनातले क्विनोन वंश ठरवायला मदत करतात. स्फिंगोबियमकडे क्यू-१० हा क्विनोन आणि स्फिंगोग्लायकोलिपिड हवेतच, आणि पॉलिअमाइनमध्ये स्पर्मिडीन मुख्य असावं लागतं. स्फिंगोमोनासमध्ये त्या जागी होमोस्पर्मिडीन असतं.

जमा, नाव, प्रकाशन

२००१ पासूनचा नियम स्पष्ट आहे: टाइप स्ट्रेन किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक कल्चर कलेक्शनमध्ये जमा हवा आणि तो कुणालाही मागता यायला हवा. जर्मनीतलं डीएसएमझेड, जपानचं जेसीएम, कोरियाचं केसीटीसी, पुण्याचं एनसीएमआर हे काही पर्याय. स्ट्रेन तिथे जिवंत पोचला, वाढला आणि शुद्ध आहे अशी प्रमाणपत्रं मिळायला महिने जातात. म्हणून एएनआयचा आकडा हाती आला की त्याच आठवड्यात पाठवा. प्रदूषकावरच वाढणारा स्ट्रेन असेल तर माध्यमाची कृती तपशिलात लिहून द्या.

नाव लॅटिन व्याकरणात बसणारं हवं आणि विशेषणाचं लिंग वंशाच्या लिंगाशी जुळायला हवं. स्वतःचं नाव देऊ नये असा संकेत आहे. अमुक प्रदूषक 'खाणारा' असं नाव देण्याचा मोह आवरा, कारण ती जनुकं प्लाझ्मिडवर असतील तर पुढचा स्ट्रेन ते खाणारच नाही. वंशाचं नाव पुढेमागे बदलू शकतं. बेल्जियममधल्या जस्ताच्या कारखान्यात १९७६ मध्ये मिळालेला सीएच३४ हा स्ट्रेन आधी अल्कॅलिजेनिस होता, मग रॅल्स्टोनिया, मग वॉटर्सिया आणि आता क्युप्रिॲव्हिडस मेटॅलिड्युरन्स आहे.

आयजेएसईएम या जिवाणू-नामकरणाच्या अधिकृत नियतकालिकात वर्णन छापून आलं की नाव वैध होतं. दुसरीकडे छापलं तर नाव आपोआप वैध होत नाही. लेखाची प्रत आणि जमा केल्याची प्रमाणपत्रं आयजेएसईएमकडे पाठवून वैधता यादीत नाव घालून घ्यावं लागतं. हे न केल्यामुळे कित्येक चांगल्या प्रजाती अवतरणचिन्हांतच (वैध नसलेलं नाव तसं लिहितात) अडकून पडल्या आहेत.

काही जिवाणू प्लेटवर येतच नाहीत, फक्त मातीच्या डीएनएतून त्यांचा जिनोम जुळवता येतो. त्यांना पूर्वीपासून 'कॅन्डिडेटस' हे तात्पुरतं बिरुद लावतात. २०२२ पासून सीक्कोड ही वेगळी नियमावली आली आहे आणि तिथे जिनोमच टाइप म्हणून चालतो. त्यासाठी ९० टक्क्यांहून अधिक पूर्ण आणि ५ टक्क्यांहून कमी भेसळीचा जिनोम हाती असेल तर काम सोपं जातं. तरीही तो जिवाणू कधीतरी वाढेल या आशेने मूळ मातीची एक पिशवी उणे ८० अंशांवर राखून ठेवा.